वऱ्हाडातले देव कुणाचे अवशेष नाहीत

गावोगावच्या सप्ताहांत, लग्नाच्या मांडवात आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत एक समजूत पक्की होऊन बसली आहे. हिंदू धर्म वेदांतून निघाला, तिथे तो शुद्ध होता. पुढे पुराणं आली, मूर्ती आल्या, देव वाढले, आणि खेड्यात पोचेपर्यंत त्या धर्माचा म्हसोबा आणि मरीमाय झाला. खामगाव तालुक्यातल्या आमच्या पिंपळगाव राजासारख्या गावांत वेशीवरचा मारुती, पाण्याजवळच्या आसरा, पिंपळाखालचा मुंजा, धुऱ्यावरचा शेंदूर लावलेला दगड असं जे काही दिसतं, ते या समजुतीप्रमाणे मूळ धर्माचे झिजलेले तुकडे. शिकलेल्याला त्यांची लाज वाटते, सुधारक ते टाकून द्या म्हणतो, शुद्धीची ओढ असलेला मुळाकडे चला म्हणतो. तिघांची तोंडं तीन दिशांना, पण गृहीत एकच. मला ते गृहीतच चुकीचं वाटतं, आणि त्याच्या खंडनाला लागणारा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही; तो बराचसा या वऱ्हाडातच पडलेला आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये, म्हणून त्याचं बळ आधी मान्य करतो. लग्नात होम पेटतो, लाह्यांची आहुती पडते, सप्तपदी होते. हे गृह्यसूत्रांतून आलेलं आहे. वराने वधूचा हात हाती घेताना म्हटला जाणारा मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तातला आहे. इतक्या लांबच्या काळातली वाणी आजही कास्तकाराच्या अंगणात ऐकू येते, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच मांडवात हळद लागते, देवक बसतं, मंगलाष्टकं होतात आणि मंगळसूत्र बांधलं जातं. यातल्या मंगळसूत्राबद्दल गृह्यसूत्रं गप्प आहेत, हे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट नोंदवलं आहे. ज्याच्यावाचून लग्न लागलं असं आमच्याकडे कुणी मानणार नाही, तेच मुळात नाही. मग मांडवातला कोणता भाग मूळ आणि कोणता अपभ्रंश?

देवांचं तर याहून स्पष्ट आहे. ऋग्वेदात 1028 सूक्तं. त्यांतली अडीचशेच्या आसपास एकट्या इंद्राची. या बुलढाणा जिल्ह्यात इंद्राचं देऊळ कुणी मला दाखवावं. वरुण, मित्र, पूषन, अश्विनीकुमार यांना नवस बोललेला माणूस मला भेटलेला नाही. उलट ज्या विष्णूची आणि शिवाची देवळं गावोगाव आहेत, त्यांतल्या विष्णूला ऋग्वेदात पूर्ण सूक्तं मिळाली पाच-सहा, आणि शिवाचं पूर्वरूप मानला जाणारा रुद्र त्याहून मागे. गणपतीच्या पूजेत आपण ऋग्वेदाचा म्हणून जो मंत्र म्हणतो तो तिथे ब्रह्मणस्पतीचा आहे. विठ्ठल तर कुठल्याच वेदात नाही, आणि तो पंढरीला कसा उभा राहिला याचा शोध रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात घेतला तेव्हा ती वाट गवळी-धनगरांच्या कुरणांतून गेली.

सर्वांत बोलका पुरावा नवग्रहांचा. शनीची पीडा टळावी म्हणून जो वैदिक मंत्र जपतात, तो संहितेत जलदेवतांचा आहे. बुधाचा मंत्र अग्नीला उद्देशून आहे, मंगळाचाही अग्नीलाच. याज्ञवल्क्यस्मृतीतच ही जोडणी आलेली आहे, म्हणजे ती काल-परवाची नाही. ग्रहपूजा समाजात रुजली. रुजल्यावर तिला वेदाची साक्ष हवीशी वाटली. मग संहितेतून एकेक ऋचा निवडून त्या त्या ग्रहाला दिली गेली. कुठे नावाशी ध्वनी जुळला, कुठे तोही जुळला नाही. आचार आधी, आधार नंतर. पूर्वपक्ष ज्या दिशेने प्रवास झाला असं सांगतो, त्याच्या नेमकी उलट ही दिशा आहे. याला मी फसवणूक म्हणत नाही. जुन्या वाणीचा मान राखून नव्या गरजेला जागा करून देण्याची ती रीत होती, आणि ज्यांनी ती चालवली ते आपल्या परंपरेचे चांगले जाणकार होते.

यावर शास्त्रीपक्षाकडे एक जुनं उत्तर आहे आणि ते हुशार आहे. पतंजलीने ऋग्वेदाच्या 21, यजुर्वेदाच्या 101, सामवेदाच्या 1000 आणि अथर्ववेदाच्या 9 शाखा सांगितल्या. आज मोजक्याच उरल्या. तेव्हा ज्या आचाराला आज श्रुती सापडत नाही, त्याची श्रुती लुप्त शाखेत होती असं अनुमान करावं, असं मीमांसक म्हणतात. पण जे हरवलं त्यात काय होतं हे ज्याला त्याला आपल्या सोयीने भरता येत असेल, तर त्यातून काहीही सिद्ध होईल. मरीमायच्या जत्रेलाही लुप्त शाखा मिळेल, आणि तिला अपभ्रंश म्हणण्याचा हक्क त्याच क्षणी संपेल. या वादात मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. जैमिनीच्या सूत्रांवरच्या शाबरभाष्यात होलाकाधिकरण आहे. पूर्वेकडचे लोक होलाका म्हणजे होळी करतात, उत्तरेकडचे उद्वृषभयज्ञ करतात, मग हे आचार त्या त्या प्रदेशापुरतेच मानायचे की सर्वांचे, हा तिथला प्रश्न. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी उद्वृषभयज्ञ म्हणजे काय ते सांगितलं: ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांची पूजा करून त्यांना पळवतात. कोल्हापूर-सांगलीकडे याच तिथीला कर्नाटकी बेंदूर होतो. आमच्याकडचा पोळा श्रावण अमावस्येला. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावणाऱ्या शेतकऱ्याच्या सणाला मीमांसेसारख्या कर्मठ शास्त्राने स्वतंत्र अधिकरण दिलं, त्याच्या प्रामाण्याची गंभीर चर्चा केली. खेड्यातला आचार म्हणजे मोडतोड, हा तुच्छतेचा सूर तिथे नाही. तो आजच्या मुळाकडे चला म्हणणाऱ्यांचा आहे.

धर्म खाली उतरत गेला म्हणणाऱ्यांनी हेमाद्रीकडेही पाहावं. आपल्या जिल्ह्यातलं लोणारचं दैत्यसूदन मंदिर, सिंदखेड राजाचं नीलकंठेश्वर, कोथळी-सातगावची देवळं यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा हेमाद्री हा मंत्री. देवळांशी त्याचं नाव लोकांनी जोडलं, पण त्याचं खरं काम ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ, आणि त्यातलं व्रतखंड. काण्यांच्या नोंदीप्रमाणे बाराव्या शतकातल्या लक्ष्मीधराच्या ‘कृत्यकल्पतरू’त व्रतं पावणेदोनशेच्या घरात आहेत, तेराव्या शतकातल्या हेमाद्रीत ती सातशेच्या आसपास जातात. दीडशे वर्षांच्या आत चौपट! हेमाद्रीने ती सगळी आपल्या घरी बसून रचली नाहीत; पुराणांतून गोळा केली, आणि पुराणांत ती लोकांच्या घरांतून, बायकांच्या उपासांतून, तीर्थांच्या काठांवरून आली होती. ज्याला आपण शास्त्रोक्त म्हणतो त्यातला मोठा भाग असा खालून वर चढलेला आहे.

आणि त्याच काळात, त्याच यादवांच्या राज्यात, याच मुलखातून महानुभाव पंथाचे चक्रधर हिंडत होते. ‘लीळाचरित्रा’त मेहकर आहे, लोणार आहे. हेमाद्री व्रतं मोजत होता तेव्हा चक्रधर आपल्या शिष्यांना सांगत होते की देवतांची भक्ती मोक्ष देत नाही, देवता वेगळ्या आणि परमेश्वर वेगळा. त्यांनी वेदप्रामाण्य बाजूला ठेवलं, सोवळं-ओवळं झुगारलं, स्त्रियांना बरोबरीने संन्यास दिला. महानुभावांच्या पंचकृष्णांत द्वारकेच्या कृष्णाबरोबर वऱ्हाडातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू आहेत. डोळ्यांदेखत वावरलेला माणूस अवतार मानला गेला. एका पिढीत, एका भूमीत, व्रतांचा सर्वांत मोठा संग्राहक आणि व्रतांचा सर्वांत कडवा टीकाकार दोघंही उभे राहिले. यातला मूळ धर्म कोणता, असं विचारणाऱ्याने दोघांपैकी एकाला धर्माबाहेर काढायची तयारी ठेवावी.

मग ही समजूत आली कुठून? तिची तारीख बऱ्यापैकी सांगता येते. 1875 मध्ये मुंबईत स्वामी दयानंदांनी आर्य समाज स्थापला आणि वेदांकडे परतण्याची हाक दिली. 1878 मध्ये मॅक्स म्युलरने लंडनला धर्माच्या उगमावर व्याख्यानं दिली आणि वेद हेच त्या उगमाचं सर्वांत निर्मळ दर्शन ठरवलं. राजवटीपुढे मान खाली गेलेल्या सुशिक्षितांना हे दोन्ही आवाज भावले, ते साहजिक होतं. परक्याने आजच्या देवळाकडे बोट दाखवलं की, ते आमचं खरं रूप नव्हे, खरं तर वेदांत आहे, असं म्हणता येऊ लागलं. आत्मसन्मानासाठी काढलेली ती ढाल होती. संकट गेलं, ढाल मात्र सिद्धांत होऊन राहिली.

म्युलरला त्याआधीच विरोध झाला होता आणि तो वऱ्हाडातून झाला होता, हे आमच्या लोकांना फारसं ठाऊक नाही. आल्फ्रेड लायल हा पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर. वऱ्हाडचं 1870 चं गॅझेटियर त्याने संपादित केलं आणि 1872 मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात या प्रांताच्या धर्मावर लांब लेख लिहिला. पुढे तो त्याच्या ‘एशियाटिक स्टडीज’ या पुस्तकाचा पहिला भाग झाला. पुस्तकांतून भारताचा धर्म शोधण्यापेक्षा त्याने इथल्या शिवारांत पाहिलं. दगड, झाडं, जनावरं, अवजारं, पितर, मेलेले शूर, साधू, स्थानिक अवतार आणि सर्वांत वर परमदेवता अशा 11 वर्गांत त्याने इथली पूजा मांडली. माणसं मरतात आणि त्यांचे देव होतात, ही क्रिया इथे अजून चालू आहे, हे त्याचं निरीक्षण अचूक होतं. निसर्गाची नावं विसरली गेली आणि त्यांचे देव झाले, या म्युलरच्या सिद्धांताला त्याने वऱ्हाडचा धडधडीत पुरावा समोर ठेवून उत्तर दिलं.

पण लायलही दोन ठिकाणी चुकला. एक, त्याने शिडी कल्पिली: खाली दगड, वर परमेश्वर. खेड्यातली बाई अशा शिडीवर एका पायरीवर उभी नसते. तीच मुंज्याला दिवा लावते, आसरांना ओटी भरते, एकादशी धरते आणि विठ्ठलाच्या नामात एकच तत्त्व आहे हे कीर्तनात ऐकून डोळे पुसते. तिच्या लेखी यात विसंगती नाही, कारण प्रत्येकाशी तिचं नातं वेगळ्या कामाचं आहे. दोन, रेल्वे आणि नवं शिक्षण आलं की हे देव टिकणार नाहीत असं त्याला वाटलं. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग 1867 पर्यंत शेगावातून गेला होता, खामगावचा फाटा 1870 चा. त्यानंतर काय झालं? 23 फेब्रुवारी 1878 रोजी, म्हणजे म्युलर लंडनला बोलत होता त्याच वर्षी, शेगावात गजानन महाराज प्रकटले. 8 सप्टेंबर 1910 रोजी त्यांनी समाधी घेतली. दासगणूंनी 1939 च्या सुमारास ‘श्री गजानन विजय’ हा 21 अध्यायांचा ग्रंथ रचला. आज त्याचं पारायण, प्रकटदिन, ऋषिपंचमीचा पुण्यतिथी उत्सव, झुणका-भाकरीचा नैवेद्य, आषाढीला पंढरपूरची पालखी असा भरलेला आचार आहे. शास्त्र, स्थान, ग्रंथ, व्रत, वारी. एका धर्माचं जे जे अंग असतं ते सगळं दीडशे वर्षांच्या आत आमच्या शेजारच्या तालुक्यात घडलं, आणि भक्त आले ते त्याच रेल्वेने. यातला कोणता भाग वेदांतून झिजत झिजत इथवर आला?

मेहकरच्या बालाजीची गोष्टही याच जातीची. 1888 मध्ये खोदकामात विष्णूची सुमारे 11 फुटांची अखंड मूर्ती निघाली. शिल्पशास्त्राच्या पोथीत तिची ओळख वेगळी असेल. लोकांनी तिला शारंगधर बालाजी म्हटलं, प्रतिष्ठा केली, उत्सव सुरू केला. ज्यांनी ती घडवली त्यांची पूजा कशी होती हे मूर्ती सांगत नाही. तिची आजची पूजा मेहकरच्या लोकांनी घडवली.

आखाजीकडे, म्हणजे अक्षय तृतीयेकडे, जरा थांबून पाहायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंचं अज्ञान एकत्र दिसतं. या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढतात. आणि याच दिवशी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असं परंपरा सांगते. शेतात घट आखतात, त्याभोवती अठरा धान्यं मांडतात: ज्वारी, तूर, उडीद, मूग, तीळ, जवस, भादली, करडी, अंबाडी, सरकी, लाख अशी. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर आणि करवा. पुरी, पापड, कुरडई, सांडोई, पान-सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही आणि पहाटे काय हललं, काय ओलं झालं यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. एक पक्ष याला प्राचीन ऋषींचं विज्ञान म्हणतो, दुसरा पक्ष अडाणीपणा म्हणून हसतो. हवामानाचा अंदाज म्हणून मी त्यावर पेरणी ठरवणार नाही आणि कुणी ठरवू नये. ढेकूळ ओलं झाल्याने जूनचा पाऊस ठरत नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मांडणी म्हणून तिच्यात काय आहे ते पाहा. कुठलं सूक्त नाही, कुठलं पुराण नाही. कास्तकाराच्या कोठीतलं धान्य, त्याच्या चुलीवरचे पदार्थ, पितरांच्या पूजेतलीच घागर आणि पान-सुपारीच्या रूपाने राजा. वर्ष सुरू होताना जमीन, पाऊस, पोट, पूर्वज आणि राज्य यांना एका जागी बोलावून ठेवणारा हा विधी वऱ्हाडच्या काळ्या मातीत, इथल्याच माणसाने रचला. भादली आणि लाख ही पिकं शिवारातून जवळजवळ गेली. घटात त्यांची जागा अजून आहे.

बायकांनी रचलेल्या धर्माची तर कुणी दखलच घेत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, घरोघर गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. पुरोहित नाही, पोथी नाही, तिथे शंकर-पार्वती माहेर-सासरच्या कथेतले आहेत. महालक्ष्म्या तीन दिवसांच्या: अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. ज्येष्ठा ही पुराणांत अलक्ष्मी, दारिद्र्याची देवी, घरात येऊ नये म्हणून टाळलेली. आमच्या घरांत ज्येष्ठा-कनिष्ठा जोडीने बसतात, दोघींना सारखं लुगडं, सारखा फुलोरा, सोळा भाज्या आणि आंबील. हाकललेल्या थोरल्या बहिणीला पाटावर बसवणारी ही पूजा मला तर पुराणापेक्षा मोठ्या मनाची वाटते.

विरुद्ध टोकाचाही एक पक्ष आहे आणि त्यालाही उत्तर देणं भाग आहे. खेड्यातले देव हेच मूळ, वैदिक ते बाहेरून लादलेले, असं तो म्हणतो. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त, 1873 मध्ये, म्हसोबा, खंडोबा, जोतिबा यांना बळीराजाचे अधिकारी मानलं. देवळाची मालकी कुणाकडे गेली आणि शेतकऱ्याच्या हाती काय उरलं, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि तो आजही सुटलेला नाही. पण इतिहास म्हणून बळीच्या राज्याची ही मांडणी टिकत नाही, आणि तिची घडण पहिल्या पक्षासारखीच आहे: एक निर्मळ उगम, मग बिघाड. वऱ्हाडातला पुरावा दोघांनाही दाद देत नाही. इथे मंत्र खेड्यात उतरले, खेड्यातली व्रतं संस्कृतात चढली, आणि ही ये-जा कधी थांबली नाही.

गावच्या धर्माचं कौतुक करताना त्याची काळी बाजूही लपवणार नाही. मरीमायच्या कामाचा भार ज्यांच्यावर होता त्यांनाच इतर देवळांची दारं बंद होती. आणि ती दारं बंद ठेवताना शुद्धीचाच आधार घेतला जाई. वऱ्हाडात त्याला उत्तर देणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातून आला. पापळचे पंजाबराव देशमुख परदेशात जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर संशोधन करून आले. त्यांचा तो ग्रंथ 1933 मध्ये ऑक्सफर्डने छापला. वेद त्यांनी भक्तीपुरते ऐकलेले नव्हते, अभ्यासले होते. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून लढा उभा राहिला तेव्हा ते त्याच्या पुढे होते. त्या नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. वेदांतल्या धर्माचा उगम ज्याने शोधला त्याला देवळाचं दार उघडण्यात धर्मद्रोह दिसला नाही. मुळात असंच होतं, या एका वाक्याने प्रत्येक बदल अडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ज्या धर्मात ग्रह आले, मंगळसूत्र आलं, सातशे व्रतं आली, शेगाव आलं, त्यात समतेलाच तेवढी जागा नाही असं सांगण्याचा आधार कुणालाही मिळणार नाही.

माझी विनंती खामगाव-मलकापूरकडच्या महाविद्यालयांत मराठी आणि इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. वेदांच्या संहिता जपायला मोठ्या संस्था आहेत, आणि त्या असाव्यातच. पण पिंपळगाव राजाच्या आणि आसपासच्या शिवारांत कोणत्या धुऱ्यावर कोणता देव आहे, त्याला कोण, कधी, काय वाहतं, भुलाबाईची कोणती गाणी कोणत्या आळीत वेगळी म्हणतात, महालक्ष्म्यांची कहाणी तुमची आजी कशी सांगते, हे कुठेच लिहिलेलं नाही. सांगणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. येत्या भाद्रपदात वही घेऊन त्यांच्यापाशी बसा, त्या सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत, काही न सुधारता लिहून घ्या.